सामाईक भिंत

१

१९७९ च्या फेब्रुवारीत, एका सोमवारी, माझ्याविरुद्धची तक्रार माझ्याच टेबलावर आली.

मी तेव्हा नाशिकला नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात कारकून होतो. आवाजाच्या आणि जनावरांच्या तक्रारी माझ्याकडे असत. पिठाच्या गिरणीची घरघर, लग्नातला कर्णा, पहाटे आरवणारा कोंबडा आणि सगळ्यात जास्त कुत्री. अकरा वर्षं मी ते काम करत होतो. नियम मला तोंडपाठ होता. वेगवेगळ्या तीन घरांच्या सह्या असल्या की तक्रार दाखल करायची, मालकाला नोटीस द्यायची. सात दिवसांत त्याने कुत्रं गप्प करावं किंवा हद्दीबाहेर नेऊन सोडावं. नाहीतर आठव्या दिवशी गाडी जायची. गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नसे. लोक माझ्यापुढे रडायचे, पोरांना घेऊन यायचे. मी त्यांना नियम वाचून दाखवायचो आणि कागद पुढे ढकलायचो.

त्या सोमवारच्या कागदावर लिहिलं होतं: ‘घर क्रमांक चौदा, पुंजाराम गांगुर्डे यांचे कुत्रे रोज दुपारी तीन ते चार या वेळात सतत भुंकते. शेजाऱ्यांना घरात राहणे अशक्य झाले आहे.’

पुंजाराम गांगुर्डे म्हणजे मी.

पहिली सही मागच्या गल्लीतल्या निवृत्त पोस्टमनची होती. त्याला कुणाचाच आवाज चालत नसे. दुसरी त्याच्या जावयाची. तिसरी मल्हारी पगारेची.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. सहीच नाही, सगळा कागदच मल्हारीने लिहिला होता. त्याचा ‘ळ’ मी कुठेही ओळखला असता. निफाडजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघं एका पाटीवर अक्षरं गिरवायला शिकलो. त्याची आई तो पाच वर्षांचा असतानाच वारली. त्यानंतर माझ्या आईने, धोंडाबाईने, आम्हा दोघांना एका ताटात जेवू घातलं. मी तिला माय म्हणायचो, म्हणून तोही मायच म्हणायचा. पुढे वसतिगृहात एक खोली, नाशिकला नोकऱ्या, आणि सातपूरच्या रस्त्याला वसाहत झाली तेव्हा अर्जही आम्ही शेजारी शेजारी भरले. जोडघर मिळालं. चौदा माझं, पंधरा त्याचं. मधली भिंत एकच.

त्याने तक्रार केली होती. ती उघडणार कोण, हे त्याला माहीत होतं.

२

चांद्या आमच्याकडे तीन वर्षं होता. कपाळावर पांढरा ठिपका असलेला साधा गावठी कुत्रा. गावाहून येताना मायनेच त्याला पिशवीत घालून आणलं होतं. माझी बायको वारल्यापासून घरात आम्ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. मी साडेनऊला सायकल काढायचो ती सहाला टेकवायचो. रविवारी दुपारीही विहारातल्या वाचनालयाचं काम माझ्याकडे असे. त्यामुळे दुपारी तीनला आमच्या घरात काय होतं, हे खरं सांगायचं तर मला ठाऊकच नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मायला विचारलं, “चांद्या दुपारचा भुंकतो का गं?”

माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “भुंकतो की.”

“कधीपासून?”

“झाला असंल म्हैना.”

“कशावर भुंकतो?”

“भितीवर,” ती म्हणाली आणि एक खडा दाराबाहेर टाकला.

मी तसाच पंधरा नंबरच्या ओट्यावर गेलो. मल्हारी एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. पहिली पाळी करून तो साडेतीन-पावणेचारपर्यंत घरी यायचा. ओट्यावर बसून पायाला तेल चोळत होता. मला बघून उठला नाही. “जयभीम” म्हणाला तेसुद्धा तेलाच्या बाटलीकडे बघत.

“मल्हारी, कागद आला माझ्याकडे.”

“हां. येणारच.”

“अरे, मला हाक मारली असतीस. भिंतीवर थाप मारली असतीस तरी मी आलो असतो.”

“नियम हाय ना,” तो म्हणाला. “तूच सांगतो सगळ्यांना. तीन सह्या, सात दिवस.”

“चांद्याचा त्रास होतो तुला? तू त्याला मटणाची हाडं आणतोस.”

त्याने बाटलीचं बूच लावलं, काढलं, परत लावलं. दारामागे त्याची बायको लताबाई उभी होती. मला तिच्या पातळाचा काठ दिसत होता. एरवी मी ओट्यावर पाय ठेवला की ती चहाचं आधण टाकायची. त्या दिवशी ती पुढे आली नाही, आणि आतही गेली नाही.

“कुत्रं ने कुठं तरी, पुंजा,” मल्हारी म्हणाला. “लांब ने. गावाला बहिणीकडं, भागीबाईकडं ने. गाडी येऊ देऊ नको.”

त्याचा आवाज फुटला होता. मला वाटलं, लाजेने.

३

बुधवारी मी रजा टाकली. निदान माझ्या कुत्र्याचा गुन्हा माझ्या डोळ्यांनी बघावा, एवढंच मनात होतं.

आमच्या घराला दोन खोल्या. पुढची माझी, तिथे बुद्धाची तसबीर आणि पुस्तकांचं कपाट. मागची स्वयंपाकाची, तिथेच सामाईक भिंतीला लागून मायची खाट. भिंतीला साधा चुना. पलीकडे, बरोबर त्याच ठिकाणी, लताबाईचं शिलाई मशीन. वसाहतीतल्या बायकांची पोलकी ती शिवायची. दुपारभर मशीनचा आवाज यायचा आणि मायला त्या आवाजावर झोप लागायची.

जेवणं झाली. माय आडवी झाली. चांद्या उंबऱ्यावर पंजांवर डोकं ठेवून पडला होता. ऊन दारातून आत आलेलं, बाहेर कुठे चिटपाखरू नाही. पलीकडे मशीन चालू होतं. मी मागच्या खोलीत पाटावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

तीन वाजून गेले असतील. चांद्याने डोकं उचललं.

तो उठून आत आला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, अंगावरचे केस उभे, शेपूट ताठ. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग मला ऐकू आलं.

चुन्याच्या भिंतीवरून कोरडा तळहात फिरवावा तसा आवाज होता तो. खरखर नाही, त्याहून मऊ. स्वयंपाकाच्या ओट्याकडून सुरू झाला आणि खाटेकडे सरकत आला. मध्येच थांबायचा, जरा मागे जायचा, पुन्हा पुढे यायचा. वीज गेलेल्या अनोळखी घरात माणूस भिंत चाचपत दार शोधतो, तसा. पण उंचीने फार खाली होता. माझ्या कमरेच्याही खाली.

मी स्वतःला म्हणालो, उंदीर. मग म्हणालो, पत्रा तापतो, भिंत तापते, चुना सुटतो. मग म्हणालो, लताबाई पलीकडून भिंत पुसत असेल. पण मशीन तर चालू होतं.

चांद्या भुंकायला लागला. घशाच्या मुळापासून, एका जागी उभा राहून, श्वास न घेता. भिंतीच्या ज्या भागावर आवाज होता, त्या भागाकडे तोंड करून. तो भाग पुढे सरकला की याचं तोंडही सरकायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी त्याला गप्प करायला हात उचलला आणि माय खाटेवरून म्हणाली, “राहू दे. तो उगा भुंकत नाय.”

ती जागी होती. डोळे उघडे, छताकडे.

आवाज थांबला. चांद्याही थांबला, पण बसला नाही.

त्याच क्षणी पलीकडचं मशीन बंद पडलं. कात्री जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग काही सेकंदांनी लताबाईचा आवाज, एखादी लहान मुलगी दबक्या आवाजात नको नको म्हणते तसा. शब्द कळले नाहीत. थोड्या वेळाने चांद्या पुन्हा भुंकायला लागला, कुणाला तरी परत येऊ देत नसल्यासारखा.

चार वाजता सगळं शांत झालं. मी भिंतीला कान लावला, हात लावला. ती थंड होती. फेब्रुवारीतल्या दुपारी, पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या घरात.

रात्री जेवताना मी मायला, उंदरांचं औषध आणलं पाहिजे, एवढंच म्हणालो.

४

नोटीस माझ्याच हाताने मी माझ्याच नावाने लिहिली. साहेब म्हणाले, “गांगुर्डे, तुमचंच कुत्रं आहे, जरा समजुतीने घेऊ.” मी नाही म्हणालो. अकरा वर्षं ज्यांना नियम वाचून दाखवला त्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आले, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मल्हारी मधल्या सात दिवसांत एकदा तरी येईल, कागद मागे घेतो म्हणेल, याची मी वाट बघत होतो. तो आला नाही. ओट्यावरून मला येताना बघितलं की आत जायचा.

सातव्या दिवशी द्राक्षांच्या पेट्या उतरवून निफाडकडे रिकामा परतणारा एक टेम्पो मिळाला. चांद्याला घेऊन मी मागे बसलो. माय दारापर्यंतही आली नाही. म्हणाली, “मल्हाऱ्यानं सांगितलं नं? मग काय तरी असंल त्याच्या मनात.” तिला अजूनही तो लेकच वाटत होता.

गावाला भागीबाईने, माझ्या धाकट्या बहिणीने, चांद्याला गोठ्यात बांधला. तिची तीन पोरं लगेच त्याच्या अंगावर पडली. मी निघालो तेव्हा तो भुंकला नाही, ओढलाही नाही. नुसता उभा राहून बघत होता. त्यानेच मला जास्त लागलं.

नंतरच्या आठवड्यात आमच्या गल्लीत शांतता झाली. पोस्टमनने मला रस्त्यात थांबवून नमस्कार केला. आणि पंधरा नंबरचं मशीन तीनला बंद पडेनासं झालं. तेही मायनेच सांगितलं. एका संध्याकाळी सायकल लावताना मी लताबाईला हसताना ऐकलं. कितीतरी दिवसांनी. मल्हारी काहीतरी सांगत होता आणि ती खळखळून हसत होती. मी कुलूप लावून तिथेच उभा राहिलो. माझा कुत्रा जाण्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला कळेना.

५

मायमध्ये काही बदललंय हे माझ्या उशिराच लक्षात आलं, कारण बदल चांगला होता.

ती गुणगुणायला लागली. संध्याकाळी मी आलो की तिचा चेहरा ताजा असायचा. पूर्वी कुरकुरायची, दिवस सरत नाही, या वसाहतीत बोलायला माणूस नाही. आता ते बंद झालं होतं.

“दुपारी झोप लागते ना?” मी विचारलं.

“आता कशाला झोपते. दुपार कशी जाते कळत नाय.”

“कोण येतं का?”

ती हसली. “कोण येणार मला म्हातारीला.”

एकदा तिने मला भाकरी वाढली तेव्हा ताटाच्या काठावर पांढरी बोटं उठली. मी तिचा उजवा हात धरून उलटा केला. तळव्याच्या रेघांत चुना भरला होता. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

“हे काय?”

“भीत धरून चालते. डोळ्यांना कमी दिसतं आता.”

सकाळीच तिने माझ्या सदऱ्याला बटण लावलं होतं. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवला होता.

ती भांडी घासायला बाहेर गेल्यावर मी कंदील घेऊन भिंतीजवळ वाकलो. दोन पट्टे होते. वरचा मायच्या हाताच्या उंचीवर, फिका, नवा. आणि त्याच्या खाली, माझ्या मांडीच्या उंचीवर, दुसरा. देवळाच्या पायऱ्यांच्या कठड्याला असते तशी तुकतुकी आलेला, मळकट, चार बोटं रुंद. स्वयंपाकाच्या ओट्यापासून निघून खाटेमागून पुढच्या खोलीच्या चौकटीपर्यंत आला होता. माझी खोली तिथून सुरू होत होती. चौकटीचं लाकूडसुद्धा एका ठिकाणी चमकत होतं.

खाट घासते, मी म्हणालो. चांद्या अंग घासायचा. चांद्या जाऊन सतरा दिवस झाले होते, आणि मी बोट लावलं तेव्हा भुकटी ताजी होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत दुपारच्या टपालात कुत्र्याच्या बिल्ल्याचा एक अर्ज होता. असे अर्ज रोज यायचे. मी शिक्का उचलला आणि त्या दोन ओळींतही तो ‘ळ’ ओळखला.

‘घर क्रमांक पंधरा. मल्हारी पगारे. एक नर कुत्रा, पाळण्याकरिता.’

६

मी शिक्का ठेवला आणि भर दुपारी सायकल काढली. मल्हारी नुकताच पाळीवरून आला होता. ओट्याच्या खांबाला तपकिरी रंगाचं, रुंद छातीचं कुत्रं बांधलेलं. माझ्याकडे बघून गुरगुरलं.

मी आत शिरलो. त्याच्या घरात मी महिनाभरात पाऊल टाकलं नव्हतं. मशीन जागेवरून हलवून समोरच्या भिंतीला लावलं होतं. सामाईक भिंतीला निळा ऑइलपेंट दिला होता, नवाकोरा, वास येत होता. रंगाखालूनही पट्टा दिसत होता. मांडीच्या उंचीचा. दारापासून मशीनच्या जुन्या जागेपर्यंत.

“तुला कुत्र्याचा आवाज सहन होत नाही,” मी म्हणालो.

मल्हारी खाटेवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बोलली ती लताबाई.

“भावजी, बसा.”

ती उभी राहिली तेव्हा मला दिसलं. दहा वर्षं ज्याची दोघं वाट बघत होती ते. चौथा-पाचवा महिना असेल.

“मला कुणी सांगितलं नाही,” मी म्हणालो.

“कसं सांगणार? तो भुंकायचा नं तुमच्याकडं, का ते इकडं यायचं. भितीतून. रोज तीनला.”

“काय यायचं?”

“हात,” ती म्हणाली. “दुसरं काय दिसत नाय. हात फिरतो हे कळतं. आधी भितीवर फिरायचा. मग मशीनवर. मग माझ्या पदराला...” तिने स्वतःच्या पोटावर तळहात ठेवला आणि पुढे बोलली नाही.

मल्हारीने तोंडावरचे हात काढले. “पहिल्यांदा तुमच्याकडंच होतं ते, पुंजा. तुझ्या कुत्र्यानं ते हाकललं. मी काय करू? घर सोडू म्हटलं तर जाऊ कुठं? दहा वर्षांनी दिवस राहिले तिला.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू कुत्रं ठेवलं असतं.”

मी त्या निळ्या भिंतीकडे बोट केलं.

“आणि तिकडे माय आहे,” मी म्हणालो. “तू कागद लिहिताना तुला माहीत होतं, तिकडे दुपारी माय एकटी असते.”

“माहीत होतं.”

“मल्हारी, तिने तुला भरवलंय.”

“तिचं वय झालंय, पुंजा,” तो म्हणाला. अगदी हळू, समजूत घातल्यासारखं. “तिचं सगळं बघून झालंय.”

लताबाई रडायला लागली. मी बाहेर आलो. ओट्यावरचं कुत्रं दोरीला ताण देऊन माझ्या घराच्या दिशेने बघत होतं. कान उभे करून.

त्याचा बिल्ला मी दुसऱ्या दिवशी मंजूर केला. अर्जात काही खोट नव्हती.

७

शनिवारी सकाळीच गावी गेलो आणि चांद्याला घेऊन आलो. नोटिशीचं काय ते नंतर बघू, म्हटलं. हद्दीबाहेर सोडलेलं कुत्रं परत आणणाऱ्यांना मी स्वतः दम भरला होता. वाटेत टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून उशीर झाला. वसाहतीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा पावणेचार वाजत आले होते. चांद्या दोरी ओढत धावत सुटला, मी त्याच्या मागे.

दार लोटलेलं होतं. मागच्या खोलीतून मायचा आवाज येत होता. ती गात होती, मी लहान असताना म्हणायची ते, शब्द नसलेलं, नुसतं हं हं.

मी चौकटीत उभा राहिलो.

माय भिंतीच्या कडेने चालत होती. डोळे मिटलेले. उजवा तळहात भिंतीवर टेकवून सावकाश सरकवत होती. डावा हात तिने मागे, जरा खाली धरला होता. आपण बाजारात लहान पोराला घेऊन चालतो तसा. त्या हाताखाली काही नव्हतं. ऊन होतं, फरशी होती. पण तिच्या त्या हाताची बोटं एकमेकांवर दाबली जाऊन टोकं पांढरी पडली होती, आणि बांगड्या मनगटावरून वर, कोपराकडे सरकवल्या गेल्या होत्या. भिंतीवर, तिच्या हाताच्या खाली, आवाज होत होता. मऊ. तिच्या पावलांच्या जरासा मागे.

चांद्या भुंकला.

तो मायवर भुंकत नव्हता. तिच्या डाव्या हाताच्या दोन वीत खाली बघून भुंकत होता.

मायने डोळे उघडले. “अरे धर त्याला,” ती म्हणाली. “भिईल ते.”

“माय, सोड. हात सोड.”

“मी नाय धरलं. त्यानं धरलंय.”

त्याच वेळी भिंतीपलीकडून दुसरं भुंकणं सुरू झालं. ते तपकिरी कुत्रं. जाड, न थांबणारं. दोन्ही बाजूंनी. मला इतकंच समजलं की इकडून हाकललेलं आता तिकडे जाऊ शकत नव्हतं.

माय कळवळली. ती गुडघ्यावर बसली. डावा हात तसाच ताणलेला, आणि मधलं बोट मागे वळत होतं. कुणीही हात लावलेला नसताना.

“बंद कर, पुंजा! बोट मोडतंय माझं! घाबरलंय ते, बंद कर!”

मी चांद्याच्या अंगावर पडलो. त्याचं तोंड दोन्ही हातांनी आवळलं. तो माझ्या छातीखाली तडफडत होता, डोळे पांढरे करून. आमच्याकडचं भुंकणं थांबलं. पलीकडचं थांबलं नाही. मायचा हात तसाच.

मी भिंतीवर लाथ मारली. “मल्हारी! कुत्रं आवर! मल्हारी, मायचा हात मोडतोय रे! दोन मिनिटं आवर त्याला!”

तो घरात होता. पलीकडे पावलं वाजली. माझ्या आवाजाच्या अगदी समोर, वीतभर विटांच्या पलीकडे तो येऊन उभा राहिला. मी त्याचा श्वास ऐकला. आणि मग त्याचा आवाज ऐकला. त्याच आवाजाने मला पाटीवरचं चुकलेलं अक्षर सांगितलं होतं.

“भुंक,” तो कुत्र्याला सांगत होता. रडत सांगत होता. “भुंक रे बाबा. शाब्बास. भुंक.”

काटकी मोडल्यासारखा आवाज आला. पाठोपाठ दुसरा.

८

हाड बसवणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “दारात सापडली का बोटं?” माय हो म्हणाली.

पंधरा दिवसांत मी घर सोडलं. भागीबाईने निरोप पाठवला, गावाला या, जागा आहे. तिच्या घरात तीन पोरं होती. मी नाही कळवलं. गंगापूरच्या रस्त्याला एका मळ्यात रखवालदाराची एकटी खोली मिळाली. चारी बाजूंनी मोकळी. बाजूला कुणाचं घर नाही. मायला विचारलं, इथेच राहायचं का, किंवा कुठे जायचं. ती म्हणाली, “मला कुटंही चालंल. आम्ही राहू.”

आम्ही म्हणाली ती. मी दुरुस्त केलं नाही.

सामान भरत असताना पंधरा नंबरचं दार बंद होतं. खिडकीचा पडदा एकदा हलला. मल्हारी मला पुन्हा कधी भेटला नाही. त्यांना जुलैत मुलगी झाली, धडधाकट, असं कचेरीत कुणीतरी सांगितलं. मी बरं म्हणालो. त्या पोरीचा काय दोष?

चांद्याला मी टेम्पोत घ्यायला गेलो. तो चढेना. उचलून आत ठेवला तर उडी मारून उतरला, आणि रस्त्याच्या मध्ये उभा राहून मायच्या बाजूच्या दाराकडे बघत राहिला. तीनदा उचलला, तीनदा उतरला.

माय पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली होती. मी तिच्या बाजूला बसायला गेलो, तर तिने मला जरा सरकायला सांगितलं. आमच्या दोघांच्या मध्ये वीत-दीड वीत जागा तिने मोकळी ठेवली. प्लास्टरमधला डावा हात त्या जागेवर अलगद ठेवला.

टेम्पो निघाला तसा चांद्या धावायला लागला. भुंकत, जीव तोडून, कोपऱ्यापर्यंत, मग कोपऱ्याच्या पुढेही. आरशात तो मला दिसत होता. त्याच्या तोंडाला फेस आला होता. जगात एकटा तोच माझ्या बाजूने भुंकत होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

“गप करायला सांग त्याला,” माय कुजबुजली. “आत्ताच निजलंय.”

मी खाली, तिच्या हाताकडे बघितलं. सीटचं रेक्झिन तिथे थोडंसं दबलं होतं.

“जरा जोरात घ्या,” मी ड्रायव्हरला म्हणालो.